गाडी दोनच मिनिटं थांबते

७ जानेवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, कारण खरोखरचा घालायला तालमीच्या खोलीत जागा नाही. सहा नट, चार बाकं, एक शिडी आणि मी, एवढ्यातच ती भरून जाते. पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर तू "बोल, काय काम?" म्हणतोस आणि मी तोंड उघडलं की "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्र तरी तुला मधेच ठेवता येणार नाही.

तर काम असं आहे. मला पहिल्यांदाच अख्खं नाटक बसवायला मिळालंय. आजवर मी दुसऱ्यांच्या नाटकांत विंगेत उभी राहून नटांना चहा आणि विसरलेली वाक्यं पुरवली. आता सगळं माझ्या डोक्यावर. नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत आगगाडीच्या एका डब्यात घडतं. सहा प्रवासी. त्यातली एक बाई घर सोडून लांबच्या गावी नोकरीला निघालीये. तिची सुटकेस तालमीत सगळ्यांच्या पायांत येते म्हणून आम्ही तिला सुटकेसवालीच म्हणतो. मधल्या एका स्टेशनात ती दारात उभी राहते. उतरून परत फिरावं की पुढे जावं, काही सुचत नाही. शेवटी जागेवर येऊन बसते, गाडी सुटते, पडदा.

अडचण ही की माझी गाडी चालतच नाही. गाडीत बसल्याचा अभिनय करा म्हटलं की सहाजण असे हलतात, जणू एकदम थंडीताप भरलाय. एकजण उजवीकडे झुकतो तेव्हा शेजारचा डावीकडे. म्हणजे एकाच बाकावर दोन गाड्या! काल निर्माते तालीम बघून गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना काय होतंय?" मार्चमध्ये पहिला प्रयोग आहे. तोवर गाडी चालली नाही तर तारखा दुसऱ्या नाटकाला देणार, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलंय.

तू जन्मभर इंजिन चालवलंस. घरात ड्रायव्हर असताना मी बाहेर कुणाच्या तोंडाकडे बघू? सांग, गाडी कशी चालते?

मामीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी

१४ जानेवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा चष्मा सापडेना म्हणून अंदाजाने वाचलं होतं आणि तू लग्न करतेयस असा समज झाला.

गाडी कशी चालते, हे आजवर घरातल्या एकाही माणसाने मला विचारलं नव्हतं. सगळ्यांना फक्त मी किती वाजता येणार तेवढं हवं असायचं. तेव्हा नीट ऐक. गाडी सोडताना धसमुसळेपणा करायचा नाही. एकेका डब्याचा ताण अंगावर येऊ द्यायचा, मगच पुढचा जोर. चढ लागला की वेग घेऊ असं म्हणणारा चढावर फसतो, वेग आधीच घ्यायचा. थांबायचं असेल तर लांबूनच थांबायला लागायचं. पावसात रूळ निसरडे होतात तेव्हा वाळू सोडतात, ते तुझ्या नाटकात दाखवता येईल.

आता तुझ्या बाकांबद्दल. चार बाकं म्हणजे गाडी? अगं, इंजिन कुठाय? रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात प्लायवूडचं इंजिन उभं कर. समोरचा दिवा खरोखर पेटता ठेव, लोकांच्या डोळ्यांवर आला पाहिजे. शिट्टी कुठे लांब द्यायची आणि कुठे आखूड, ते मी येऊन शिकवीन. लोक इंजिन बघूनच टाळ्या वाजवतील, पुढे नट हलले काय नि न हलले काय.

मामी घरी नाही. चार दिवसांसाठी लेकीकडे, ताईच्या घरी गेलीये. येईलच. बाकी सगळं ठीक.

जाता जाता एक. भाताचं पातेलं तळाला काळं झालं तर काय लावून घासतात? घाई नाही. अजून दोन भांडी शिल्लक आहेत.

तुझा,
मामा

२० जानेवारी

प्रिय मामा,

पातेल्यात पाणी आणि खायचा सोडा घालून उकळ, रात्रभर तसंच ठेव आणि सकाळी घास. आणि चार दिवसांत एवढी भांडी जळतात कशी, ते मला कळवू नकोस, मी अंदाज बांधतेय.

तुझं पत्र तालमीत मोठ्यानं वाचून दाखवलं. "थांबायचं असेल तर लांबूनच थांबायला लागायचं" या वाक्याला टोपीवाल्या नटाने उठून दाद दिली. पण मामा, रागावू नकोस, आमच्या नाटकात इंजिन दिसतच नाही. खरं सांगू? आगगाडीच्या नाटकात ड्रायव्हरला काम मिळाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

रंगमंचावरच्या गाडीची गंमत अशी की ती जागची हलू शकत नाही, त्यामुळे बाकी सगळ्यांना हलावं लागतं. आमच्या नेपथ्यकारांचे गुरू खिडक्यांमागे रंगवलेला लांबलचक पडदा दोन रुळांवरून फिरवायचे. तोच डोंगर, तेच झाड आणि तीच गाय पुन्हा पुन्हा यायची, आणि एकदा तर गाय उलट्या दिशेने गेली. नंतर कुणीतरी चाकांवरचा लोखंडी डबा केला. तो विंगेत अडकला तेव्हा पहिल्या रांगेतल्या लोकांनी वर चढून ढकलला. हल्ली मागे मोठ्या पडद्यावर पळत्या शेतांचं चित्रीकरण दाखवतात. तसलं एक मी पाहिलं. लोक नटांना सोडून शेतंच बघत बसले होते, मीसुद्धा.

मला सगळ्यात आवडलेल्या नाटकात डबाच नव्हता. नुसता फलाट, गाडीची वाट बघणारी माणसं. शेवटी गाडी येते ती न थांबता निघून जाते, आणि ती दिसते फक्त त्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत गेलेल्या उजेडात. दुसऱ्या एका नाटकात मोकळ्या रंगमंचावर एकटी नटी उभी होती. तिने हात वर करून नसलेली कडी धरली. बास. हात वर गेला आणि गाडी आली.

तसं काहीतरी मला हवंय. आमच्या ध्वनीवाल्याने काल खऱ्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून आणला. सभागृहात तो पिठाच्या गिरणीसारखा ऐकू आला. मग त्यानेच कंटाळून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर बोटं वाजवली आणि आम्ही सगळे एकदम वळून बघायला लागलो, कुठली गाडी आली म्हणून.

तेव्हा इंजिन सोड आणि जरा मागे डब्यात ये. तिथे बसलेली माणसं नेमकी काय करतात?

मामी आली का?

तुझी,
भिंगरी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर येत नव्हतं.

डब्यात माणसं काय करतात, ते मला माहीत नाही. हसू नकोस. मी कधी डब्यात बसलोच नाही. सुट्टीत सगळे गावाला निघायचो तेव्हाही मामी आणि पोरं डब्यात आणि मी पुढे, ओळखीच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत. माझ्या मागे एवढी माणसं असायची. ती खात असतील, भांडत असतील, झोपत असतील, असं मी धरून चाललो होतो.

तेव्हा मी तिकीट काढलंय. उद्या सकाळच्या गाडीने निघतो, साधा प्रवासी म्हणून, फक्त तुझ्या नाटकासाठी. कुठलं तिकीट असं विचारशील म्हणून आधीच सांगतो, ताईच्या गावचं. निव्वळ योगायोग आहे. त्या मार्गावर वळणं चांगली आहेत.

तुझ्या ध्वनीवाल्याला सांग, रूळ आता जोडून सलग केलेले असतात, पूर्वीसारखं खटक-खटक होत नाही. त्याचा डबा चुकीचा आहे.

पातेलं निघालं. त्याचा तळही निघाला.

तुझा,
मामा

१० फेब्रुवारी

लाडक्या भिंगरीस, आशीर्वाद.

मामीचं पत्र बघून चकित झाली असशील. तुझ्या नाटकापायी इथे काय घडलं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

मागच्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. दार उघडते तर तुझे मामा, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. मी म्हटलं, "अहो, तुम्ही?" तर म्हणाले, "भिंगरीच्या नाटकाच्या कामाला आलोय." ताई आतून ओरडली, "बाबा, नाटक आत येऊन करा!"

तुला त्यांनी काय सांगितलंय ठाऊक नाही. मी चार दिवसांसाठी आले होते, पण त्याला आता चार महिने व्हायला आले. भांडून आलेली नाही हं. मला जरा श्वास घ्यायचा होता. निवृत्त झाल्यापासून त्यांनी आपल्या घराचं स्टेशन केलं होतं. मी बाजारात निघाले की "परत किती वाजता?" पोचायला उशीर झाला की फाटकात उभे. एक दिवस अंघोळ करून येते तर माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उचलून नव्या क्रमाने लावलेले. का, तर रोज लागणारे पुढे आणि कधीमधी लागणारे मागे. हळद शोधताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "बघ, डावीकडून चौथा."

इथे गल्लीच्या टोकाला बालवाडी आहे. तिथल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मी मुलांना गोष्टी सांगायला जायला लागले. आता मी फाटकात शिरले की वीस-पंचवीस पोरं "गोष्टवाली आजी" म्हणून अंगावर धावतात. या वयात मला नवं नाव मिळालंय.

जेवताना मी सरळ विचारलं, "मला न्यायला आलात का?" म्हणाले, "छे, छे! मी नाटकासाठी." मी म्हटलं, "बरं." ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघाले. मी डबा भरून दिला. वाटलं, डबा हातात घेताना तरी काही बोलतील. तर म्हणाले, "झाकण घट्ट आहे ना?"

ते "राहतो" म्हणाले असते तर मी राहा म्हटलं असतं. "चल" म्हणाले असते तर बहुतेक भांडले असते, पण बरं वाटलं असतं. अशा माणसाचं काय करावं, तूच सांग.

तुझी,
मामी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

प्रवास झाला. काय बघितलं ते लिहितो.

पहिलं म्हणजे डब्यात कुणी मुद्दाम हलत नाही. गाडी हलवते आणि माणूस न हलायची खटपट करतो. समोरचे एक गृहस्थ चहा पीत होते. अख्खी गाडी डुलत होती, पण त्यांचा कप जागच्या जागी. चहा संपल्यावर मात्र तेच गृहस्थ पोत्यासारखे डुलायला लागले. तुझ्या नटांना हलायला सांगू नकोस, हातात काहीतरी भरलेलं दे.

दुसरं. मला जागा मिळाली ती उलट तोंडाची, इंजिनाकडे पाठ करून. मी आजवर सगळं समोरून येताना पाहिलंय. सिग्नल येतो, पूल येतो, स्टेशन येतं. उलट बसल्यावर एकही गोष्ट येत नाही, सगळं जातच असतं. झाड दिसतं तेच मुळी मागे पडलेलं. एक बाई फाटकाशी सायकल धरून उभी होती. ती लहान लहान होत गेली आणि मी तिच्याकडे वेड्यासारखा बघत राहिलो, माझ्या ओळखीची ना पाळखीची. मनात आलं, मी निघायचो तेव्हा मामीला असंच दिसत असेल. माझी तिच्याकडे पाठ असायची, मला कळणार कुठून?

मामी मजेत आहे. पोरांमध्ये रमलीये. मी तिला बालवाडीत जाताना लांबून पाहिलं, लहान मुलीसारखी दिसत होती. तिला "घरी चल" म्हणायचं माझ्या जिवावर आलं. "मी राहू का" असं विचारायचं होतं, पण तिने विचारलं भलतंच, न्यायला आलात का म्हणून. त्यावर काय बोलणार?

डबा छान होता. परतीला सुलट तोंडाची जागा मिळाली, पण मजा आली नाही.

तुझा,
मामा

१ मार्च

प्रिय मामा,

तुझ्या पत्राने गाडी सुरू झाली! बाकं समोरासमोर ठेवली, तीन नट सुलट, तीन उलट. सुलट बसलेल्यांना सांगितलं, तुम्हाला सगळं येताना दिसतंय. उलट बसलेल्यांना म्हटलं, तुम्हाला जाताना. हातांत काठोकाठ भरलेले पेले दिले. पहिल्या दिवशी सगळे भिजले, पण थंडीताप गेला तो गेलाच. आता सहाजण बसले की कुणाच्या नजरा उजळतात, कुणाच्या रेंगाळतात, आणि मधून खरंच काहीतरी पळतं. प्रकाशवाल्याने दिव्यापुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरवल्या आहेत, चेहऱ्यांवरून उजेड-सावल्या धावतात. डबा वाजवणारा मात्र ऐकत नाही. म्हणतो, खऱ्या गाडीतून खटक-खटक गेलं असेल, पण माणसांच्या कानांतून गेलेलं नाही. यात त्याचं बरोबर आहे, तू हो म्हण किंवा नाही म्हण.

फक्त सुटकेसवाली अडलीये. दारात उभी राहून विचार करते तेव्हा ती विचार करण्याचा अभिनय करते. मी दहा प्रकारे सांगून पाहिलं. "शेवटी मी परत जागेवर बसणार हे मला ठाऊक आहे, मग विचार कसला करू?" म्हणते. निर्माते मात्र खूश आहेत, प्रयोग पक्का झाला.

सोबत तिकीट पाठवतेय. आणखी एक ताईच्या पत्त्यावर पाठवलंय. मी तुमच्या भानगडीत पडणार नाही. खुर्च्या शेजारशेजारच्या आहेत, एवढंच.

तुझी,
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस,

तिकीट मिळालं. येतो. इस्त्रीचा शर्ट एकच आहे, तोच घातला तर मामी ओळखेल काय?

मामा

१८ मार्च

मामा!

काय करून ठेवलंस! आणि करून ठेवून गेलास कुठे? पडदा पडल्यावर धावत आले तर तुमच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. तेव्हा तुला कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मी विंगेतून बघत होते. मामी आधी आली, मग तू. तिसरी घंटा होईपर्यंत तुम्ही दोघं बंद पडद्याकडे असे बघत होतात, जणू नाटक पडद्यावरच लिहिलंय. मग गाडी सुरू झाली. डब्यावर बोटं वाजली, उजेडाच्या पट्ट्या धावल्या, आणि मी पाहिलं, मामा, तू नकळत डावीकडे झुकलास. वळण होतं ना तिथे!

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटच्या प्रसंगातलं ते मधलं स्टेशन आलं. सुटकेसवाली दारात उभी राहिली, नेहमीसारखीच, कपाळाला आठ्या घालून. आणि तिसऱ्या रांगेतून तुझा आवाज, "अहो बाई, काय ते ठरवा! गाडी दोनच मिनिटं थांबते!"

लोक हसले. मग हसू थांबलं, कारण ती तुझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर अभिनय नव्हता. तिला खरंच कुणीतरी विचारलं होतं आणि तिला खरंच माहीत नव्हतं. तिने डब्यातल्या माणसांकडे पाहिलं, अंधारात पाहिलं, सुटकेस उचलली आणि रंगमंचाच्या पायऱ्या उतरून सरळ प्रेक्षकांमधून चालत दाराबाहेर निघून गेली! मी बसवलेला शेवट तो नव्हताच! माझे डोळे उरलेल्या पाचजणांवर, ते तोंड उघडं टाकून बसलेले. शेवटी डबा वाजवणाऱ्याने प्रसंग ओळखून गाडी सोडली. रिकाम्या जागेवरून उजेड धावत राहिला आणि पडदा पडला.

टाळ्याच टाळ्या. निर्माते रडवेले होऊन माझा हात दाबत म्हणाले, "शेवट बदललात, सांगितलं नाहीत!" सुटकेसवाली मला बाहेर पायऱ्यांवर सापडली, एकाच वेळी हसत आणि रडत होती. आता निर्मात्यांना प्रत्येक प्रयोगाला तू हवा आहेस. तिसऱ्या रांगेत बसायचं, वेळ झाली की ओरडायचं. येण्याजाण्याची सोय ते करतील. हो म्हण ना! शेवटी एका ड्रायव्हरला नाटकात काम मिळतंय.

तुझी (अजून धडधडणारी),
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

आधी माफी मागतो. नाटकात मधे बोलू नये एवढं मलाही कळतं.

निर्मात्यांना माझा नकार कळव. ओरडायला दुसरा कुणीतरी चांगला नट ठेवा. मला ते पुन्हा जमणार नाही, कारण त्या दिवशी मी ते ठरवून बोललो नव्हतो. ती बाई दारात उभी होती आणि मला वाटलं, आता सिग्नल पडेल, हिचं एक पाऊल आत आणि एक बाहेर असतानाच गाडी हलेल. इतक्या वर्षांत मला त्याच एका गोष्टीची भीती होती. इंजिनातून मागचं दार दिसत नाही ना. म्हणून ओरडलो. ती चार बाकं आहेत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच नव्हतं. आता ठाऊक झालंय, तेव्हा खोटं ओरडावं लागेल. ते मला येत नाही.

डबा वाजवणाऱ्याला सांग, त्याचं बरोबर होतं.

आमचं म्हणशील तर ठीक आहे. बालवाडीच्या जवळ दोन खोल्या घेतल्यात. वर्ष संपेपर्यंत मामी गोष्टी सांगणार, पुढचं पुढे. स्वयंपाकघर तिचं, मी भांडी घासतो, डब्यांना हात लावत नाही. मधूनमधून कामाशिवाय गाडीत बसून पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन येतो. ती कधी येते बरोबर, कधी येत नाही.

त्या दिवशी आम्ही लवकर निघालो ते परतीची गाडी चुकू नये म्हणून. गैरसमज नसावा.

तुझा,
मामा

भिंगरी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी खाली लिहिते. परतीची गाडी वगैरे काही नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ओरडून झाल्यावर हे खाली बसलेच नाहीत. ती मुलगी सुटकेस घेऊन पायऱ्या उतरली, तशी यांनी माझी पिशवी उचलली, माझा हात धरला आणि भर सभागृहात सगळ्यांसमोर म्हणाले, "चल, आपलंही स्टेशन आलं." आणि आम्ही तिच्या मागोमाग उतरलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी चारचौघांत माझा हात धरला तो पहिल्यांदाच. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अहो, कुठे जायचं आता?" तर म्हणाले, "तू सांग."

मामी